समोरचा वारा आणि दोघांची सायकल: पंढरपूर ते गोंदवले, सामानासह एक दिवस

पंढरपूरहून सातारा रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की पिलीव, मग म्हसवड, मग गोंदवले. अंतर सुमारे ७० किलोमीटर आणि वाटेत मोठा घाट नाही. नकाशा बघून कुणीही म्हणेल की सकाळचं काम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सामान लादलेली टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, घेऊन निघालात तर हेच अंतर अख्खा दिवस खातं. पश्चिमेचा वारा उघड्या माळावरून थेट तोंडावर येतो. त्यात माण नदी पूर्वेला वाहत जाऊन भीमेला मिळते, म्हणजे तुम्ही दिवसभर नदीच्या उलट, हळूहळू चढत असता. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त पायांना कळतो.

तरी नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी. सह्याद्रीच्या माथ्यावर त्या दिवसांत मुसळधार असते. माण-खटाव पर्जन्यछायेत आहे, ढग डोक्यावरून पळत जातात, ऊन बेताचं, पाऊस आला तर सर येऊन जाते. सोसायचा तो वाराच. आणि समोरच्या वाऱ्यात टँडम एकट्याच्या सायकलीपेक्षा सरस ठरते: पाय चार, पण वाऱ्याला भिडणारं अंग एकाहून थोडंच जास्त, कारण मागचा पुढच्याच्या आडोशाला बसलेला असतो. बरेचजण उलटा सल्ला देतात, साताऱ्याहून पंढरपूरला जा, वारा पाठीशी राहील. जायला हरकत नाही. पण पाठीचा वारा नवख्यांना फसवतो. वेग फुकट मिळतो, ब्रेकची परीक्षा उशिरा होते, आणि मागे फिरायची वेळ आली की तोच वारा समोर उभा राहतो. समोरच्या वाऱ्यात निघालात आणि जमलं नाही तर नुसतं तोंड फिरवायचं, वारा घरी पोचवतो.

आषाढी एकादशीच्या आगेमागे मात्र हा बेत नको. पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते.

सायकल आठवडाभर आधी तपासा

आधी वजनाचा हिशेब मांडा. दोघे मिळून १४० किलो, सायकल २०, सामान २२, पाणी ६. एकूण १८८ किलो, आणि चाकं दोनच. म्हणून मागच्या चाकाला ४० तारा असाव्यात, अगदीच नाही तर ३६. ३२ तारांचं चाक सामान नसताना निभावून जाईल, लादल्यावर नाही. तुटणारी तार बहुतेक वेळा मागच्या चाकाची, गिअरच्या बाजूची असते, आणि ती बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते. त्यामुळे कॅसेट काढायचं हत्यार आणि त्या मापाच्या तीन तारा फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा. टायर ४२ ते ५० मिलिमीटर रुंदीचे. ४७ च्या टायरमध्ये पुढे ५० आणि मागे ६० पीएसआयने सुरुवात करा. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. ब्रेक डिस्कचे, शक्यतो २०३ मिलिमीटरच्या चकत्यांचे. गिअर असा हवा की सगळ्यात हलक्या जोडीला, म्हणजे पुढे २६ आणि मागे ३६ दातांना, मिनिटाला ७० फेरे मारून ताशी साधारण साडेसहा किलोमीटर वेग मिळेल. हास्यास्पद वाटतो तो आकडा, पण म्हसवडच्या पुढे वापरायची वेळ येते.

खरा वेळ द्यायचा तो डावीकडच्या चेनला. पुढच्या आणि मागच्या क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्यांना, जोडणारी ही चेन टायमिंग चेन म्हणून ओळखली जाते. हिला डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि ताणून धरणारा भाग, नसतो. त्यामुळे ढील खाऊन टाकणारं काहीच नाही. पुढच्या क्रँकचा अॅक्सल एका गोल कवचात, मध्याच्या जरा बाजूला बसवलेला असतो. कवच फिरवलं की अॅक्सल पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. तपासायचं असं: चेनच्या मधोमध बोट लावून वर-खाली हलवा. एकूण हालचाल १० ते १२ मिलिमीटर असावी. मग क्रँक पाव फेरा फिरवा, पुन्हा बघा, असं चार ठिकाणी. क्रँकच्या दातेरी चकत्या अगदी गोल कधीच नसतात, एका जागी चेन ताठ लागते आणि दुसऱ्या जागी सैल. हिशेब ताठ जागेवर धरायचा. फार ताणली तर बेअरिंग कुरकुरतं. सैल राहिली तर गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर पडते, आणि पुढच्याचे पाय एकदम हवेत फिरू लागतात, कारण मागच्या चाकाला फिरवणारी चेन मागच्याच्या क्रँकवर असते. पडलेली चेन परत चढवताना दोघांच्या डाव्या क्रँक एकाच दिशेला आहेत ना, ते बघा. एक दात चुकला तरी मागच्याला दिवसभर काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं आणि काय ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी या रस्त्यावर कुठल्याही दुकानात मिळणार नाही: मागच्या गिअरची लांब वायर. नेहमीची वायर २ मीटरच्या आसपास असते, टँडमला जवळजवळ ३ मीटर लागते. घरून दोन घ्या. वायर तुटली की चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसते, आणि समोर वारा. वायर नसेलच तर डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू आत फिरवत जा. चेन एकदोन चकत्या आत येऊन थांबते. तेवढ्यावर पुढचं गाव गाठता येतं.

सामान कसं लादायचं

२२ किलोपैकी ८ पुढच्या चाकाला, १४ मागे. सगळं मागे लादलं तर शेपटी डुलते आणि पुढचा दिवसभर हँडलशी झुंजतो. पुढच्या पिशव्या खाली, चाकाच्या अॅक्सलच्या उंचीला हव्यात. हत्यारं, स्वयंपाकाचं सामान, डाळ-तांदूळ अशा जड वस्तू तळाला आणि फ्रेमच्या बाजूला.

वारा सामानातल्या चुका बरोबर शोधतो. अर्धी भरलेली पिशवी फुगते, म्हणून पिशव्या कमी घ्या पण ठासून भरा. कॅरिअरवर तंबू आडवा बांधू नका, लांबीच्या दिशेने बांधा. पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत खोचा. ती फडफडतात आणि मग तारांमध्ये जातात. पावसासाठी अंगाबरोबरचं जॅकेट. पोंचो म्हणजे वाऱ्यात उभारलेलं शीड, तो घरीच ठेवा.

आदल्या संध्याकाळी: चढणं, उतरणं आणि शब्द

पुढे बसणारा कॅप्टन, मागचा स्टोकर. हेच शब्द रूढ आहेत. पंढरपुरात एखादी मोकळी जागा बघून सामानासकट पुढचा क्रम दहा वेळा करा.

१. कॅप्टन सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहतो, पाय रुंद, दोन्ही ब्रेक दाबलेले. पाय जवळ ठेवले तर फिरणारं पायडल नडगीवर बसतं.

२. स्टोकर चढतो, सीटवर बसतो, दोन्ही पाय पायडलवर. आता सगळं वजन कॅप्टनच्या हातात. तो डगमगत असेल तर स्टोकरने हलायचं नाही.

३. स्टोकर पायडल उलटे फिरवून कॅप्टनचं उजवं पायडल वर आणतो, घड्याळाच्या दोनच्या ठिकाणी.

४. कॅप्टन विचारतो, "तयार?" उत्तर येईपर्यंत काही नाही. मग "चल" म्हटलं की दोघे एकदम जोर लावतात. पहिले तीन फेरे दमदार हवेत, हळू निघालेली टँडम पडते.

५. थांबताना आधी "थांबतोय", मग ब्रेक, मग कॅप्टनचा पाय जमिनीला. स्टोकर बसूनच. उतर म्हटल्याशिवाय त्याने उतरायचं नाही.

रस्त्यावर शब्द मोजके ठेवा. "सोड" म्हणजे पाय थांबव; न सांगता थांबवले तर दुसऱ्याच्या गुडघ्याला झटका बसतो. "गिअर" म्हणजे क्षणभर जोर कमी कर, बदलतोय. "खड्डा" म्हणजे सीटवरून किंचित ऊठ. मागच्याला रस्ता दिसत नाही, त्याला पाठ दिसते, त्यामुळे हा शब्द चुकला तर दोष पूर्णपणे कॅप्टनचा. "हळू" म्हणजे ब्रेक लागणार. समोरच्या वाऱ्यात पुढच्याचं बोलणं मागे ऐकू जातं, मागच्याचं पुढे जात नाही. स्टोकरने दोन खुणा ठरवून घ्याव्यात: पाठीवर एक थाप म्हणजे थांबू या, दोन म्हणजे मागून मोठी गाडी.

दिवसाचा क्रम

वारा घड्याळ पाळतो. पहाटे जमीन थंड असते, वरचा जोराचा वारा वरच राहतो. ऊन चढलं, जमीन तापली की हवा खालीवर घुसळली जाते आणि तो वरचा वारा खाली उतरतो. म्हणून साडेदहानंतर जोर वाढतो, दुपारी दोन ते चार सगळ्यात जास्त, सूर्य कलल्यावर कमी. पावसाळ्यात तो रात्रीही पूर्ण थांबत नाही, पण पहाटे सहाचा आणि दुपारी तीनचा वारा यांत जमीन-अस्मानाचा फरक. थोडक्यात, उजाडताच निघायचं.

पंढरपूर सोडल्यावर पहिला टप्पा कॅनॉलच्या पाण्याचा, दोन्हीकडे ऊस. पुरुषभर उंच उसाचा आडोसा सुखाचा वाटतो, पण फड संपला की वारा एकदम अंगावर येतो. पुढे उसाची कड संपताना दिसली की तिथे पोचण्याआधीच एक गिअर हलका करा. पिलीवच्या बाजूला ऊस विरळ होतो, बाजरी आणि गवताळ माळ सुरू होतात, आडोसा संपला. तिथून वारा निदान एकसारखा लागतो.

वेगाकडे बघू नका. शांत हवेत ताशी २० ने जाता तेव्हा अंगावरचा वारा २० चा असतो. समोरून २० चा वारा असताना १४ ने गेलात तर अंगावर ३४ चा, आणि रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वेग कमी आणि कष्ट जास्त, हे गणितच आहे, त्यात पायांची चूक नाही. मीटरवर कुठला आकडा दिसतो याऐवजी दोन गोष्टी धरा: मिनिटाला ७५ ते ८० फेरे, आणि दम असा की एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. वाक्य तुटलं की गिअर हलका. दर ४५ मिनिटांनी ५ मिनिटं थांबा, दम लागला नसला तरी. टँडमवर सीटवरून उठणं कमी होतं, बैठक आधी दुखते आणि पाय नंतर.

कॅप्टनने कोपरं वाकवून खाली झुकावं, हँडल घट्ट न धरता. स्टोकरने कोपरं अंगाशी घ्यावीत आणि पुढचं बघायला डावी-उजवीकडे डोकावू नये. त्या प्रत्येक डोकावण्याने सायकल सरकते. पाहण्याऐवजी त्याच्याकडे कामं द्या. खाणं काढून देणं, नकाशा, घड्याळ, आरशातून मागची गाडी, आणि पाण्याची मोजदाद.

पाण्याची मोजदाद महत्त्वाची, कारण वारा घाम वाळवतो आणि तहान लपवतो. माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दोघांना सहा लिटर बरोबर, पिलीवला आणि म्हसवडला भरून घ्या. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा धरून, एवढं एका बाटलीत असू द्या. खाणं तासाला थोडं थोडं: गूळ-शेंगदाणे, चिक्की, केळं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी थांबल्यावर. वाटेतले वडे मोहात पाडतात. समोरच्या वाऱ्यात तेलकट पोट दोन तास वर येत राहतं.

म्हसवड पन्नासाव्या किलोमीटरच्या आसपास. सहाला निघून सरासरी १३ ने आलात तर थांबे धरून अकराच्या आत पोचाल. इथे दुपार काढा. सिद्धनाथाचं देऊळ पाहा, जेवा, झोपा. सायकल भिंतीला अशी टेका की वारा तिला भिंतीकडे ढकलेल, आणि पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या रबराने बांधून ठेवा. नुसत्या स्टँडवर उभी केलेली लादलेली टँडम आडवी व्हायला एक झोत पुरतो, आणि पडताना ती डिरेलरच्या बाजूलाच पडते.

चारनंतर उरलेले अठरा-वीस किलोमीटर. दोन तास लागतील, ते मान्य करूनच निघा.

आडवा वारा आणि ट्रक

रस्ता नेहमी पश्चिमेला जात नाही, वळणं घेतो, आणि वळणावर समोरचा वारा आडवा होतो. टँडम जड आणि लांब, त्यामुळे ती एकट्याच्या सायकलीसारखी उडत नाही. पण एकदा सरकली की परत रेषेवर आणायला वेळ लागतो.

आडव्या वाऱ्यात आपण नकळत वाऱ्याकडे कललेले असतो. आता उत्तरेकडे तोंड असेल तर पश्चिमेचा वारा डावीकडून येतो. ट्रक उजवीकडून पुढे जातो, वारा तुटत नाही, फक्त त्याच्या मागे थोडी ओढ जाणवते. दक्षिणेकडे तोंड असेल तेव्हा वारा उजवीकडून, म्हणजे तुम्ही उजवीकडे कललेले. ट्रक शेजारी आला की त्याच्या आडोशाने वारा एकदम नाहीसा होतो, आणि कललेली सायकल ट्रकच्याच दिशेने जाते. ट्रक पुढे गेला की वारा परत आदळतो आणि डावीकडे, रस्त्याबाहेर ढकलतो. सगळं दोन-तीन सेकंदांत. म्हणून उजवीकडून वारा असताना स्टोकरच्या दोन थापा आल्या की जोर कमी करा, सायकल सरळ उभी होऊ द्या, आणि डावीकडे हातभर जागा ठेवून चाला. डांबराच्या अगदी कडेला चिकटू नका. साइडपट्टी खाली असते, चाक उतरलं की सामानासह वर चढत नाही. समोरून येणाऱ्या एसटीचा झोतही बसतो, तेव्हा मान खाली आणि पायडल चालू. पाय चालू असलेली सायकल जास्त स्थिर राहते.

तीन फूट रस्त्यातही सायकल सरळ धरता येईना, तर उतरा. पायी अर्धा किलोमीटर चालायला सात-आठ मिनिटं लागतात, फार काही बिघडत नाही.

मेंढरं आली तर पूर्ण थांबा, दोघांनी पाय खाली टेकून. कळपातून हळू वाट काढायचा प्रयत्न टँडमवर जमत नाही.

बिघडतं काय

पंक्चर, वेड्या बाभळीच्या काट्याने. हा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही. पुढचं चाक सोपं आहे. मागचं असेल तर आधी सगळ्या पिशव्या उतरवा, चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्या, सायकल उलटी न करता एकाने मागची सीट धरून उचलावी, दुसऱ्याने चाक काढावं. नवीन ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. फडकं अडकलं तिथे काटा. चिमट्याने ओढा. टायरमध्ये टोक राहिलं तर दुसरी ट्यूब दहा मिनिटांत जाते. दोन ट्यूब आणि आठ पॅच बरोबर असू द्या, आणि थांबताना सायकल रस्त्याच्या कडेच्या मातीत ढकलत नेऊ नका, काटे आणि सराटे तिथेच असतात.

गतिरोधक. टँडमची दोन चाकं एकमेकांपासून पावणेदोन मीटरच्या आसपास दूर, त्यामुळे उंच गतिरोधकावर मधली चकती घासते. "सोड" म्हणा, क्रँक आडव्या धरा, पायी चालण्याच्या वेगाने जा. फारच उंच असेल तर उतरून ढकला.

हाताला मुंग्या येणं हे कॅप्टनचं दुखणं. हँडल आवळून धरल्याने येतं. दर दहा मिनिटांनी पकड बदला. गुडघा दुखायला लागला तर गिअर जड चाललाय, बहुतेक वेळा कॅप्टनच्या आवडीचा. दोघांच्या फेऱ्यांचा वेग एकच असतो, म्हणून ज्याला हलका गिअर लागतो त्याचं ऐकायचं. यावरून केव्हातरी भांडण होतं, ते खाल्ल्याने मिटतं.

गोंदवल्याला पोचल्यावर

ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधी मंदिरात भक्तांच्या राहण्याची आणि प्रसादाची सोय आहे. कार्यालयात जाऊन विचारा, सायकल कुठे ठेवायची तेही त्यांनाच विचारा. आवारात शांतता पाळली जाते, तेव्हा चाक दुरुस्तीची ठोकाठोक बाहेरच उरका.

झोपण्याआधी तीन गोष्टी. मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबा, जी ढिली लागेल ती अर्धा फेरा आवळा. डावीकडची चेन पुन्हा चार ठिकाणी तपासा, नव्या चेनला पहिल्या दिवशी ढील येतेच. आणि ब्रेकचे पॅड बघा, कारण उद्या दहिवडी, पुसेगाव सोडून साताऱ्याकडे निघालात की वर्धनगडचा घाट उतरायचा आहे. तिथे वारा समोरून थोडा आवरेल, पण १८८ किलो आवरायला पॅड दीड मिलिमीटरपेक्षा जाड हवेत. कमी असतील तर रात्रीच बदला.